हिरवा ठिपका खोटं बोलतो

१३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. नेट परत आलं तसा मामूंचा मला अमरावतीला फोन. ते दालमिलसाठी तूर घेतात. म्हणाले, "बेटा, मी बटन एकदाच दाबलं. समोरचा म्हणतो, तुमचा होकार तीनदा आला, माल तीनदा उचला."

त्या ॲपच्या पोटात जी लायब्ररी आहे, तिची देखभाल मीच करतो. काय बोलणार?

नेट गेल्यावरही मामूंच्या पडद्यावर 'जोडलेले' असा हिरवा ठिपका होता, म्हणून त्यांनी बटन दाबलं. मधली वाट बंद झाली तरी टीसीपी जोडणीला ते आपोआप कळत नाही. पलीकडे शांतता आहे एवढंच तिला दिसतं. लिनक्सची ठरलेली तपासणी तर दोन तासांनी सुरू होते, तीही मागितली तरच. वेबसॉकेटच्या २०११ च्या मानकात पिंग-पाँगची सोय आहे, पण पिंग कधी पाठवायचा ते आपणच ठरवायचं. आम्ही ठरवलंच नव्हतं.

दुसरा घोळ माझाच. जोडणी तुटली की पुन्हा जोडण्याचं काम आमच्या कोडमध्ये तीन जागी होतं: बंद झाल्यावर, चूक आल्यावर आणि एका टायमरमध्ये. नेट येताच तिघांनीही आपापली जोडणी उघडली आणि रांगेत थांबलेला तोच होकार तिघांनी पाठवला.

आधी मी 'जोडणी चालू आहे' अशी एक खूण ठेवून ठिगळ लावलं. फोन झोपी गेला की ती खूण तशीच अडकायची, मग ॲप कायमचं मुकं. शेवटी सगळं उपसलं. आता जोडणीच्या चारच अवस्था आहेत आणि त्या एकाच जागी बदलतात. दर २५ सेकंदांनी पिंग जातो, २० सेकंदांत उत्तर नाही आलं तर ठिपका लाल. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, तोच पुन्हा आला तर सर्व्हर टाकून देतो. पुन्हा जोडताना प्रत्येक फोन थोडा वेगवेगळा वेळ थांबतो, नाहीतर अख्खं शहर एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतं.

पुण्यातला माझा सहकारी म्हणाला, "असं क्वचितच होतं, त्यासाठी एवढी मोडतोड?" पिंगने बॅटरी जाते हा त्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण क्वचित कुणासाठी? नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या अमरावतीत हिंसाचारानंतर नेट बंद होतं, दीड वर्षात अकोला. नेट बंद करावं की नाही हा वाद वेगळा आहे, त्यावर माझं मत सरकारला आवडणार नाही. पण ते बंद होतं हे धरूनच कोड लिहायला हवा. पोचपावती आली नसेल तर 'पोचलं' म्हणू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

नोंदींमध्ये तिन्ही होकार एकाच सेकंदाचे निघाले, म्हणून समोरच्याने दोन रद्द केले. मामू मात्र अजूनही बटन दाबून झालं की फोन करून विचारतात, "भेटलं का?"