कुत्र्याचा धंदा काय?

कुत्रा घरी आणण्याआधी त्याचं रूप पाहू नये, त्याचा धंदा विचारावा, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे त्याचे आजे-पणजे पोटासाठी काय करत होते? राखण, शिकार, मेंढ्या वळणं, की कुणाच्या मांडीवर नुसतं बसणं?

हे लिहायचं कारण आमच्या घरातली चिल्लीपिल्ली. माझी भाची नॉर्वेत असते. तिच्याकडे नॉर्वेजियन एल्कहाउंड आहे. व्हिडिओ कॉलवर तो दिसल्यापासून इथे सेवाग्रामात "आपण पण तस्साच आणू" असा धोशा सुरू आहे. दादा-वहिनी जवळजवळ पाघळलेत. तेव्हा हा लेख खास त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही :)

कुत्रा देखणा आहे, वादच नाही. दाट राखाडी केस, उभे कान, पाठीवर गुंडाळलेली शेपटी. नावातलं 'हाउंड' मात्र फसवं. नॉर्वेजियन भाषेत 'हुंड' म्हणजे साधा कुत्रा, आणि 'एल्ग' म्हणजे मूस, आपल्या सांबरालाही लहान ठरवणारं घोड्याएवढं हरीण. इंग्रजीत जाताना हुंडचं हाउंड झालं, इतकंच. कुळानं तो स्पिट्झ. याचं काम मूसला फाडणं नाही. वास काढत जंगलात शिरायचं, मूस गाठायचं आणि शिकारी पोचेपर्यंत भुंकून भुंकून त्याला एका जागी खिळवून ठेवायचं. मालक कुठेतरी मागे, नजरेआड. काय करायचं ते यानंच ठरवायचं.

आता असा प्राणी घरात कसा वागेल? भाची म्हणते, माणसांत अगदी लाघवी, मुलांना जीव लावणारा. पण खिडकीतून मांजर दिसलं की भुंकणं सुरू. हाक मारली तर आधी विचार करतो, मग वाटलं तर येतो. लोक याला हट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. पिढ्यानपिढ्या ज्याला स्वतःच्या अकलेनं वागण्यासाठी आणि न थकता भुंकण्यासाठी निवडलं, त्याला "गप्प बस" म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला घरी बोलावून मौन धरायला सांगणं! फिनलंडमध्ये तर तिथल्या लाल स्पिट्झच्या भुंकण्याच्या स्पर्धा होतात.

भाचीनं हे समजून घेतलंय. रोज लांबवर फिरवते, घरात वस्तू लपवून वासानं शोधायला लावते. १ एप्रिल ते २० ऑगस्ट नॉर्वेत कुत्र्याला मोकळं सोडायला कायद्यानं बंदी असते, कारण तो रानातल्या पिल्लांचा काळ. ते दिवस ती पट्टा धरून काढते. थोडक्यात काय, तर तिनं कुत्र्यासाठी आपला दिनक्रम बदलला.

आणि इथे? नवतप्यात पारा ४५च्या पुढे जातो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्यात अंगावर बर्फासाठी बनलेला दुपदरी कोट. केस भादरले की झालं, असं काहीजण सुचवतात. पण तेच केस उन्हापासून कातडी राखतात. कूलर आहे, पण लाइट गेली की? आणि एसी लावला तरी जंगल तुडवणारा प्राणी महिनोन्‌महिने एका खोलीत कोंडायचा. "नागपूर-पुण्यात लोक हस्की पाळतात की!" पाळतात ना. पण तगणं वेगळं आणि सुखानं जगणं वेगळं.

मग कुत्रा नकोच का? हवा की! गांधीजी इथे आले १९३६ साली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ मध्ये, अहमदाबादच्या भटक्या कुत्र्यांवरून 'यंग इंडिया'त मोठा वाद झाला होता. कुत्री मारण्याबद्दलची त्यांची भूमिका तेव्हाही अनेकांना पटली नव्हती, मलाही जड जाते. पण त्यातला एक मुद्दा खणखणीत आहे: रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून मोकळं होणं ही दया नव्हे, दया असेल तर त्याची जबाबदारी घ्या.

आपल्या गल्लीतल्या पिवळ्या कुत्रीला चार पिल्लं झालीत. त्यांच्या आज्या-पणज्यांचा धंदा आपल्याला ठाऊक आहे: गाव राखणं आणि विदर्भाचा उन्हाळा पचवणं. त्यातलं एक आणा. रेबीजची लस द्या, वेळेवर नसबंदी करा, पोरांना रोज सकाळी फिरवायला लावा. त्याचं शेपूट पाठीवर गुंडाळलेलं असेल की नाही, सांगता येत नाही. पण भाचीकडून शिकायचं ते हेच, की समोरचं जनावर कोण आहे ते ओळखावं आणि थोडं आपण बदलावं.

असो. दादा, घर तुझं, निर्णय तुझा. पिल्लं अजून आईजवळ आहेत, विचार करायला महिनाभर आहे. नाव ठेवायचं काम मात्र माझ्याकडे!