मीटरचा आकडा आणि खातेदाराची दाद

मध्यमवर्गीय घराच्या जमाखर्चात पाण्याच्या बिलाइतका दुर्लक्षित कागद दुसरा नसेल. विजेचे बिल आले की घरातील कर्ता माणूस चष्मा लावून मागचा आणि चालू आकडा ताडून पाहतो. दूधवाल्याचे खाडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपलेले असतात. पाण्याचे बिल मात्र, रक्कम किरकोळ म्हणून, न वाचताच भरले जाते. त्यामुळे नेहमीच्या दोन-तीनशे रुपयांच्या जागी एखाद्या दिवशी अडीच-तीन हजारांचा आकडा दिसला की खातेदार गडबडून जातो. मागचे रीडिंग किती होते, ते कोणत्या तारखेस घेतले, मीटरपाशी कोणी आले तरी होते काय, यांपैकी कशाचेही उत्तर त्याच्याजवळ नसते. शिक्षक असो की कारकून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो विभाग कार्यालयात जातो आणि खिडकीमागून ठरलेले उत्तर ऐकून परत येतो : आधी भरा, अर्ज द्या, मग पाहू.

हे उत्तर उर्मट असले तरी खिडकीपलीकडच्या माणसाची शंका सर्वस्वी निराधार नसते, हे आधी मान्य केले पाहिजे. अनेकदा चोर घरातच असतो. नगरपालिकांच्या भित्तिपत्रकांतून वर्षानुवर्षे ठिबकणाऱ्या नळाचे चित्र काढले जाते; पण सेकंदाला एक थेंब या वेगाने गळणारा नळ दिवसाकाठी चार-पाच लिटरच पाणी घालवतो. महिनाभरात ते दीडशे लिटरही होत नाही आणि बिलावरचे एक युनिट तर हजार लिटरचे असते. ठिबकणारा नळ दुरुस्त करावा हे खरेच. बिल दहापट होण्याचे कारण मात्र तो नव्हे. खरा अपराधी आवाज न करता वाहतो. संडासाच्या फ्लश टाकीतील रबरी झडप झिजली की पाणी भांड्याच्या कडेने पातळ पापुद्र्यासारखे उतरत राहते, ते सहसा दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मिनिटाला एक तांब्या, म्हणजे साधारण लिटरभर, पाणी असे गेले तर दिवसाला १,४४० लिटर आणि महिन्याला ४३ युनिटे होतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचे जे प्रमाण सामान्यतः धरले जाते, त्या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला सुमारे २० युनिटे लागतात. म्हणजे घरातील माणसे मिळून वापरतात त्याच्या दुपटीहून अधिक पाणी एक झिजलेली झडप पिऊन टाकते. फ्लश टाकीत थोडी नीळ कालवून अर्धा तास ती न ओढता ठेवावी. भांड्यात निळसर पाणी उतरले की चोर सापडला.

सहनिवासांत हा शोध अधिक अवघड होतो, कारण मीटर एकच असतो आणि तो जमिनीखालच्या टाकीच्या अलीकडे असतो. नगरपालिकेचे पाणी पहाटे तीनला येणार. त्या टाकीचा तरंगता गोळा अडकला असेल तर टाकी भरल्यावरही पाणी येत राहणार आणि उतू जाण्याच्या नळीतून सरळ गटारात जाणार. सहाला पंप सुरू करणारा माणूस टाकी भरलेली पाहून समाधान पावतो. अशा ठिकाणी मीटरची परीक्षा पाणी येण्याच्या वेळेतच करावी लागते. टाकी भरून गोळा वर आला की मीटरची चकती थांबली पाहिजे. ती फिरत राहिली तर दोष गोळ्यात किंवा मीटरपासून टाकीपर्यंतच्या नळात आहे. गच्चीवरच्या टाकीची पातळी रात्री अकराला आणि पहाटे पाचला पट्टीने मोजली की इमारतीच्या आतील गळतीचाही अंदाज येतो. याला इंजिनियर लागत नाही, दोन रात्रींची झोप मात्र मोडावी लागते. कार्यकारिणीचे सभासद नेमके त्यालाच तयार नसतात.

परंतु एवढे सगळे तपासूनही घरात काही सापडत नाही, अशीही प्रकरणे पुष्कळ असतात. मीटर बंद पडला, दार बंद होते, रीडिंग घेणारा फिरकला नाही, अशा कोणत्याही कारणाने रीडिंग झाले नाही की सरासरीने बिल निघते आणि पुढे कधीतरी प्रत्यक्ष आकडा घेतला की मागचा सारा फरक एकाच बिलात येऊन पडतो. जेथे वापराबरोबर दरही चढत जातो, तेथे यातून एक निराळाच अन्याय घडतो. समजा, महिन्याला २० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे दुप्पट दर आहे. कुटुंब नेमाने २० युनिटेच वापरते. पण चार महिन्यांचे रीडिंग एकदम घेऊन ८० युनिटे एका महिन्याच्या नावे लिहिली, तर २० युनिटे साध्या दराने आणि ६० दुप्पट दराने आकारली जातात. आकार ८० युनिटांऐवजी १४० युनिटांइतका, म्हणजे पावणेदोन पट होतो. त्या कुटुंबाने उधळपट्टी केलेली नाही. शिक्षा मात्र उधळपट्टीची झाली. असे बिल हाती आले तर रीडिंगच्या दोन्ही तारखा मागाव्यात आणि वापर महिन्यांवर विभागून दर लावण्याची मागणी लेखी करावी.

मीटरच सदोष आहे, ही खातेदाराची आवडती समजूत. तिच्यात अर्धेच सत्य आहे. घरगुती जलमापकांसाठी आयएस ७७९ हे भारतीय मानक आहे आणि नेहमीच्या प्रवाहात दोन टक्क्यांपर्यंतची चूक त्यात क्षम्य धरली आहे. जुना, झिजलेला मीटर बहुधा जास्त नव्हे, कमीच मोजतो. म्हणून नवा मीटर बसला की बिल वाढल्यासारखे वाटते. वस्तुतः आधीची वर्षे स्वस्तात गेलेली असतात. उलट, जेथे पाणी दिवसातून दोन-चार तासच येते तेथे रिकाम्या नळांत हवा भरते आणि पाण्याआधी ती हवा मीटरचे चक्र फिरवते. तेव्हा या बाबतीत अनुमान लढवण्यापेक्षा मीटर तपासून घेणे हाच उपाय आहे. तो तपासायचा कोणी? बहुतेक ठिकाणी, ज्याने बिल काढले त्यानेच.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. विजेच्या ग्राहकाला अशा प्रसंगी कायद्याने आधार दिला आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ अन्वये, वीज तोडण्यापूर्वी निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि ग्राहकाने हरकत नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. त्यावर तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर लोकपाल आहे. ही व्यवस्था निर्दोष नाही. पण तीन हजारांचे बिल चुकीचे वाटणाऱ्या माणसाला अंधारात बसण्याच्या भीतीने ते भरावे लागत नाही, एवढे तिने साधले आहे. विजेवाचून माणूस चार दिवस काढू शकतो, पाण्यावाचून एक दिवसही नाही. असे असता पाण्याच्या खातेदाराला मात्र हे साधे संरक्षणही सरसकट मिळालेले नाही. नळ तोडण्याचा अधिकार कायद्याने पालिकेकडे आहे, बिल काढणारीही तीच आणि तक्रार ऐकणारीही तीच.

शिडीची वरची पायरी अर्थात आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये २००२ साली केलेल्या दुरुस्तीने सार्वजनिक उपयोगाच्या सेवांसाठी स्थायी लोकअदालती आल्या आणि त्या सेवांच्या यादीत पाणीपुरवठ्याचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वी कोणत्याही एका पक्षाला तेथे अर्ज करता येतो. तडजोड झाली नाही तरी लोकअदालत निर्णय देऊ शकते आणि तो बंधनकारक असतो. ही सोय फार थोड्या खातेदारांना ठाऊक आहे. पण ज्याची तक्रार एका बिलाची आहे आणि ज्याच्या नळावर पुढल्या आठवड्यात पाना पडणार आहे, त्याला हवी असते खालची पायरी, विभाग कार्यालयातली.

सहनिवासांत आणखी एक गोष्ट घडते. फुगलेले बिल दर बिऱ्हाडामागे सारखे वाटून टाकण्याची पद्धत सर्रास आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी मात्र पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार यांवरून वाटावा असे सांगतात. एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला सात माणसांच्या घराइतकाच वाटा दिला जातो आणि वार्षिक सभेत तिने तोंड उघडले की तिला भांडखोर ठरवले जाते. नळ मोजून वाटणी करण्यानेही माणसे मोजली जात नाहीत हे खरे, तरी उपविधी एकदा वाचण्याची तसदी सचिवांनी घ्यायला हरकत नाही.

नगरपालिकांकडून अपेक्षा फार मोठी नाही. बिलावर रीडिंगच्या तारखा आणि मागील सहा महिन्यांचा वापर छापावा. वापर एकाएकी दुप्पट झालेला दिसला तर बिल काढण्यापूर्वी खातेदाराला कळवावे. हल्ली प्रत्येक खात्याला दूरध्वनी क्रमांक जोडून घेतला जातो, तो केवळ थकबाकीची आठवण करून देण्यासाठी असू नये. मीटरची तपासणी खातेदारासमोर व्हावी. आणि हरकत नोंदवून सहा महिन्यांची सरासरी भरणाऱ्याचा नळ निकालापर्यंत तोडू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढील वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात आणि पाणीपट्टीचा विषयही साधारण त्याच सुमारास सभेपुढे येतो. दरवाढीच्या ठरावाला ही चार वाक्ये जोडण्याची उपसूचना एखाद्या नगरसेवकाने मांडली, तर तिला विरोध कोण करतो आणि कोणत्या कारणाने, हे तरी सभेच्या इतिवृत्तात नोंदले जाईल.