छावणीतला सोशल मीडिया मेळावा: मुलं व्ह्यूज वाढवायला शिकली, पुढचं कोण शिकवणार?

सोशल मीडियाची आवड असणाऱ्यांनी एकत्र भेटायचं, एकमेकांकडून शिकायचं, ही कल्पना आता जुनी झाली. मॅशेबल या अमेरिकन संकेतस्थळाने 2010 साली 30 जून हा ‘सोशल मीडिया डे’ म्हणून सुरू केला, तेव्हापासून जगभरच्या शहरांत अशा भेटी होऊ लागल्या. आपल्याकडे तर सरकारनेच हे करून पाहिलं. 2018 च्या सुरुवातीला राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाने ‘सोशल मीडिया महामित्र’ उपक्रम राबवला आणि तालुक्या-तालुक्यांत तरुणांच्या गटचर्चा घेतल्या. आता असे छोटे मेळावे सरकारविना, बॅनरविना, थेट आपल्या मोहल्ल्यांत होऊ लागले आहेत. आपली मुलं तिथे जात आहेत. ती तिथून काय घेऊन घरी येतात, याचा विचार मात्र आपण मोठ्यांनी अजून केलेला नाही.

छावणीत अलीकडे झालेल्या अशाच एका मेळाव्याला आम्ही गेलो होतो. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. तीस-चाळीस पोरं, मागच्या रांगेत सात-आठ मुली, आणि कोपऱ्यात बसलेले दोन-तीन पालक. कुणी नगर नाक्याकडून आलेलं, कुणी पडेगावहून, कुणी मिटमिट्याहून. एकाचं बिर्याणीचं छोटं हॉटेल आहे, त्याला गिऱ्हाईक वाढवायचंय. एकजण बीबी का मकबरा आणि दौलताबादच्या किल्ल्याचे व्हिडिओ करतो. एकाने छावणीच्या गुरुवारच्या बाजाराचं रील केलं होतं. जनावरांचे सौदे, बैलांचे दात बघणारे शेतकरी, चहाच्या गाड्या, सगळं एका मिनिटात. खरं सांगायचं तर ते इतकं छान होतं की आमच्या भूगोलाच्या तासाला दाखवावं.

शिकवणारा मुलगाही हुशार होता. पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला कसं धरून ठेवायचं, खिडकीच्या उजेडाचा उपयोग कसा करायचा, कोणतं गाणं सध्या चालतंय, इशाच्या नमाजनंतर पोस्ट टाकली तर जास्त लोक का बघतात, हे सगळं त्याने नीट समजावलं. आमच्या बीएडच्या पाठ नियोजनात असतं तसं नेमकं उद्दिष्ट, उदाहरण, सराव. ज्या मुलांना शाळेत आम्ही ‘लक्ष नाही’ म्हणतो, ती मुलं दीड तास वहीत टिपणं काढत बसली होती. मेळाव्याला नावं ठेवावीत असं आम्हाला काहीच दिसलं नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागून एका पोराने विचारलं, “सर, स्टेटस रखे तो बी केस होता क्या?” काहीजण हसले. शिकवणाऱ्याने ‘पॉझिटिव्ह कंटेंट करा’ एवढं सांगितलं आणि विषय पुढे गेला. दोष त्या मुलाचा नाही, त्याला कॅमेरा येतो, कायदा येत नाही. पण त्या दीड तासात विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता, आणि त्याचं उत्तर द्यायला खोलीत कुणी तयार नव्हतं.

उत्तर सरळ आहे. होय, होतो.

जून 2023 मध्ये कोल्हापुरात काय झालं ते आठवा. औरंगजेबाचं चित्र असलेल्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून वातावरण तापलं, 7 जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं, पण त्याने पेटवलेलं वातावरण पुसलं जात नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह मजकुराचं निमित्त झालं, जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका मुस्लिम तरुणाचा जीव गेला. त्याआधी 2 जून 2014 रोजी पुण्याच्या हडपसरमध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून चिडलेल्या टोळक्याने सोलापूरच्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. 2023 साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले.

ही उदाहरणं घाबरवण्यासाठी देत नाही. यात एक हिशेब आहे तो समजून घ्या. पोस्ट एक करतो, किंमत दुसराच मोजतो. कधी ती मोहल्ला मोजतो, कधी रस्त्याने जाणारा एखादा अनोळखी. म्हणून ‘माझा मोबाईल, माझं स्टेटस’ हे वाक्य आपल्या घरात चालणार नाही.

आता कायद्याचं बघू. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. धर्म, जात, भाषेवरून समाजात वैर वाढवणं हे कलम 196 मध्ये येतं, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं कलम 299 मध्ये. दोन्हीत तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन्ही अजामीनपात्र. अफवा पसरवण्यासाठी कलम 353 वेगळं आहे. स्टेटसबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये स्पष्टच म्हटलं की स्टेटस हे आपल्या ओळखीच्यांना काही कळवण्यासाठीच ठेवलेलं असतं, म्हणून ते जबाबदारीने ठेवावं. ‘मी कुणाला पाठवलं नव्हतं’ हा बचाव तिथे टिकला नाही.

पण कायद्याची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, एकीला फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि दुसरीला नुसतं लाईक केल्याबद्दल. त्यावरून देशभर चर्चा झाली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मार्च 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितलं की ग्रुपमधल्या एखाद्याने आक्षेपार्ह पोस्ट टाकली म्हणून केवळ ॲडमिन असल्याच्या कारणावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो. आणि अगदी ताजं उदाहरण मे 2025 चं. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या 19 वर्षांच्या एका मुलीने ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत दुसऱ्याची एक पोस्ट पुढे टाकली. दोन तासांत ती काढली, माफी मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं आणि पोलिसांनी अटक केली. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकार आणि कॉलेज दोघांनाही कडक शब्दांत सुनावलं आणि परीक्षा देता यावी म्हणून तिला तात्काळ सोडायला सांगितलं. न्याय मिळाला. पण तोवर तिचे अडीच आठवडे कोठडीत गेले होते.

या एका प्रकरणात आपल्यासाठी दोन्ही धडे आहेत. अदालतीचा दरवाजा उघडा आहे, म्हणून हिंमत सोडू नका. आणि त्या दरवाजापर्यंत पोहोचायला वेळ, पैसा, वकील लागतो, म्हणून बोट दाबण्याआधी थांबा.

अफवेचा धडा तर सगळ्या समाजांसाठी आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागणाऱ्या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या खोट्या मजकुराने तो संशय पेरला होता. त्यानंतरच त्या कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. 17 मार्च 2025 रोजी नागपूर पेटलं, तेव्हाही पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा फिरली होती, असं सरकारने सांगितलं. वाद ज्या कबरीचा, ती आपल्या जिल्ह्यात खुलताबादला. इथला माणूस रमजानचा रोजा सोडून शांत बसला होता, आणि दंगल झाली नागपुरात. मोबाईलमुळे अंतर उरलं नाही, ते हे असं. ‘तहकीक’ हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. कुणी खबर आणली तर आधी खातरजमा करा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहेच. ती फॉरवर्डला लागू होत नाही असं कुणी म्हणू शकेल का?

मागच्या रांगेतल्या मुलींबद्दलही बोललं पाहिजे. 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि 1 जानेवारी 2022 ला ‘बुल्ली बाई’ या नावाने मुस्लिम महिलांचे फोटो चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. निशाण्यावर होत्या त्या लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या बाया. हेतू हाच की त्यांनी गप्प बसावं. पण त्या गप्प बसल्या नाहीत, तक्रारी केल्या, आणि मुंबई पोलिसांनी काही दिवसांत आरोपी पकडले. त्यातले काही अवघे 18 ते 21 वर्षांचे होते. आपण मुलीच्या हातातून मोबाईल काढून घेतो तेव्हा त्या लिलाव मांडणाऱ्यांचंच काम सोपं करतो.

पालकांच्या दोन तऱ्हा आम्ही वर्गात रोज बघतो. एक अब्बा मोबाईलच काढून घेतात. मग मुलगा दोस्ताच्या मोबाईलवर, खोट्या नावाने खातं काढतो. दुसरे म्हणतात, ‘बच्चे हैं, करने दो’, आणि पोलीस ठाण्यातून फोन आला की मग धावपळ. दोन्ही घरांत मुलाशी बोलणं झालेलं नसतं.

मग करायचं काय? फार मोठी योजना लागत नाही. असा मेळावा पुढच्या वेळी भरेल तेव्हा त्यात एक तास वकिलाचा ठेवा. आपल्या शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, तरुण वकील आपल्याच मोहल्ल्यांत राहतात, बोलावलं तर आनंदाने येतील. त्यांनी मुलांना चार गोष्टी सांगाव्यात. 18 वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत साधारणपणे आधी नोटीस द्यायची असते, सरसकट अटक करायची नसते. महिला आणि मुलांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि खातं हॅक झालं, फोटोशी छेडछाड झाली तर घाबरून सगळं पुसून टाकायचं नाही. आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्यायचा, लिंक जपून ठेवायची, मग सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची. पैशांची फसवणूक असेल तर ताबडतोब 1930.

दुसरी गोष्ट, खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावणं. मेळाव्यात आम्ही विचारलं तेव्हा निम्म्याहून कमी हात वर झाले. दुसऱ्याने आपल्या नावावर काही टाकलं तर निस्तरावं आपल्याला लागतं, हे त्या मुलांना त्या क्षणी पटलं. पाच मिनिटांत सगळ्यांनी तिथेच सेटिंग बदलली.

तिसरी गोष्ट भाषेची. तिथे दाखवलेले बहुतेक सगळे व्हिडिओ हिंदी-उर्दूत होते. आपली जबान आपल्याला प्यारी आहे, आम्ही स्वतः ती घरी बोलतो. पण एका मुलीने शीरखुर्म्याची कृती मराठीत सांगितली होती, आणि त्याखालच्या प्रतिक्रिया बघण्यासारख्या होत्या. शेवया कुठून आणायच्या, चारोळी किती घालायची, दूध किती आटवायचं, असे प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक मराठी घरांतल्या ताई-काकू होत्या. कुणी भांडत नव्हतं. आपल्याबद्दल मराठीत लिहिणारे पुष्कळ आहेत, आपण स्वतः मराठीत बोलणारे थोडे आहोत. ती जागा रिकामी राहिली की तिथे दुसरा कुणी आपलं चित्र काढतो, आणि मग ते चित्र खरं नाही हे सांगत बसावं लागतं.

म्हणून मशिदीच्या कमिट्यांना, शाळांच्या पालक सभांना आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयांना आमची विनंती आहे. सुट्टीच्या दिवशी एक खोली द्या, एक वकील बोलवा, एक रील शिकवणारा मुलगा बोलवा, आणि अब्बा-अम्मींनाही मुलांच्या शेजारी बसवा. छावणीतल्या त्या पोराने प्रश्न विचारलेला आहे. त्याला पूर्ण उत्तर मिळालं पाहिजे, आणि ते पोलीस ठाण्यात मिळण्याआधी आपल्याकडून मिळालं पाहिजे.