लावता तसा काढताही आला पाहिजे

मागणीपत्र

प्रति: केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, महाराष्ट्र शासनाचा माहिती तंत्रज्ञान विभाग, तसेच अँटिव्हायरस बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्या

विषय: अँटिव्हायरस काढल्यावरही संगणकात लपून राहणाऱ्या आणि पुसता न येणाऱ्या फाइलींबाबत

महोदय,

नामपूर आणि मोसम खोऱ्यातल्या आसपासच्या गावांत सेवा केंद्रं चालवणारे, झेरॉक्स-डीटीपीवाले, संगणक दुरुस्त करणारे आणि कांद्याच्या आडतीत हिशोबपट्ट्या काढणारे असे आम्ही सारे एका संघटनेत आहोत. आमची यंत्रं काही नवीकोरी नाहीत. मालेगावहून किंवा नाशिकहून आणलेली, बरीचशी कुणाच्या तरी कार्यालयातून उतरलेली, सी ड्राइव्हला जेमतेम शंभर-सव्वाशे जीबी जागा असलेली. त्यांच्यावरच सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दिवसभराच्या लिलावाचा हिशोब चालतो.

अडचण गर्दीच्या दिवशीच उभी राहते. विम्याची मुदत संपायला एक दिवस उरलेला, दारात रांग, आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल. डाउनलोड रिकामं केलं, टेम्प पुसलं, रिसायकल बिन झाडलं, तरी जागा होत नाही. मग लपलेल्या फाइली दिसतील अशी सोय केली की प्रोग्रामडेटामध्ये एक जाडजूड फोल्डर सापडतं. नाव त्याच अँटिव्हायरसचं, जो मुदत संपली म्हणून मागच्या वर्षीच काढला होता. डिलीट दाबावं तर विंडोज म्हणतो, परवानगी लागेल. कधी कधी ज्याची परवानगी आणायला सांगतो ते नाव आपलंच असतं. आमच्या एका सभासदाने तो निरोप वाचून बाहेरच्या रांगेलाच विचारलं होतं, "मी कोण आहे ते कुणी सांगेल का?"

यात कंपन्यांची बाजू आम्हाला कळत नाही असं नाही. आमच्यातल्या निम्म्यांचं पोट हीच कामं करून चालतं. अँटिव्हायरस एकदा तपासलेल्या फाइलींची खूण आपल्याजवळ ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तीच फाइल पुन्हा चाळावी लागत नाही. हा झाला कॅश. पकडलेल्या संशयित फाइली तो कुलपात घालतो, म्हणजे क्वारंटाइन. शिवाय जुन्या अपडेटच्या प्रती आणि रोजनिशीसारखे लॉग. हे सगळं व्हायरसने पुसू नये म्हणून तो स्वतःभोवती कुंपण घालतो: फाइलींची मालकी सिस्टिमच्या नावावर आणि पहाऱ्याला यंत्र सुरू होतानाच जागा होणारा ड्रायव्हर. चोर यायचा तो राखणदारालाच आधी बांधून ठेवणार, तेव्हा राखणदाराने कंबर कसलेली बरी. तिथवर आमची तक्रार नाही. तक्रार अशी की राखणदाराला निरोप दिला, त्याचा पगार थांबला, तरी माळ्यावरचं त्याचं कुलूप तसंच आणि किल्ली त्याच्याच खिशात.

जागा अडते हे त्यातलं लहान दुखणं. मोठं दुखणं दिसत नाही. कोणता अँटिव्हायरस पहाऱ्यावर आहे याची नोंद विंडोज ठेवतो, आणि दुसऱ्याची नोंद सापडली की त्याचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो. अँटिव्हायरस अर्धवट निघाला आणि नोंद तशीच राहिली, तर डिफेंडर कधी कधी समजतो की दुसरा कुणीतरी जागा आहे. दुसरा तर केव्हाच गेलेला. अशा यंत्रात गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लागतो आणि राखण कुणाचीच नसते. कांदाचाळीत तळाला एखादा सडका कांदा राहून गेला तर निदान वास तरी येतो. इथे तोही येत नाही.

आमचं मागणं अवाजवी ठरू नये म्हणून दोन जुने दाखले देतो. 2006 च्या जानेवारीत सिमँटेक कंपनीच्या नॉर्टन सिस्टिमवर्क्समधलं 'एनप्रोटेक्ट' नावाचं फोल्डर चर्चेत आलं. वापरणाऱ्याने चुकून पुसू नये म्हणून ते विंडोजपासूनच लपवलेलं होतं, आणि तिथे व्हायरसही दडून बसू शकेल असं संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच आणि एफ-सिक्युअर कंपनीच्या तपासनिसांनी दाखवून दिलं. सिमँटेकने त्याच महिन्यात अपडेट काढून ते उघडं केलं. त्याच सुमाराला कॅस्परस्कीच्या पाचव्या आवृत्तीवरही बोट ठेवलं गेलं. ती तपासलेल्या फाइलींना एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-रचनेच्या आडोशाला एक अदृश्य शेपूट जोडायची. अँटिव्हायरस गेला तरी शेपटं राहायची, आणि फाइल पेनड्राइव्हवर घेताना विंडोज भलताच प्रश्न विचारायचा. कंपनीने सहाव्या आवृत्तीत ती पद्धत सोडली. म्हणजे बोट ठेवलं की दुरुस्ती होते. आम्ही तेच करतो आहोत, फक्त नामपुरातून.

तेव्हा आमची पहिली मागणी: अँटिव्हायरस ज्या डबीतून, कार्डावरून किंवा डाउनलोडमधून येतो, त्याच्यासोबतच त्याला मुळासकट काढण्याचं साधन यावं. ते नेटशिवाय चाललं पाहिजे आणि मुदत संपल्यावरही चाललं पाहिजे. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असं साधन असतं, पण ते त्यांच्या संकेतस्थळाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, इंग्रजीत, आणि तेव्हाच शोधायचं जेव्हा यंत्रात जागाच उरलेली नसते. सेफ मोडमध्ये जा, हे साधन चालवा, पुन्हा सुरू करा, एवढ्या तीन पायऱ्या स्वच्छ मराठीत एका चिठ्ठीवर छापायला किती खर्च येतो? कीटकनाशकाच्या बाटलीसोबत मराठी माहितीपत्रक येतं; पाचशे-हजार रुपयांच्या या डबीसोबतही यावं.

इथे कंपन्यांचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे. काढणं सोपं केलं तर व्हायरसही ते करील. त्याला आमचं म्हणणं असं की काढण्यासाठी यंत्रासमोर माणूस बसलेला असावा, मालकाने स्वतः ठरवलेला पासवर्ड असावा, यंत्र एकदा बंद-चालू व्हावं. या अटी खुशाल घाला, पण वाट बुजवू नका. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगभरची सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं निळी पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तेव्हा उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या फोल्डरातली ती एक फाइल पुसायची, एकेका यंत्रासमोर बसून. राखणदार स्वतःच आडवा पडला तेव्हा यंत्रं वाचली ती मालकाच्या हाताला तिथवर पोचता आलं म्हणून. ही वाट मोठ्या विमानतळाला मिळते, तर आमच्या टेबलालाही मिळावी.

दुसरी मागणी अनइन्स्टॉलच्या खिडकीबद्दल. काय पुसलं, काय ठेवलं, कुठे आणि किती एमबी, हे काढतानाच दाखवावं. काही ठेवायचंच असेल तर विचारून ठेवावं, आणि आम्ही काहीच निवडलं नाही तर त्याचा अर्थ 'पुसा' असाच धरावा.

कॅश किती वाढू शकतो ती कमाल मर्यादा डबीवर लिहावी, ती कमी करण्याची आणि कॅश डी ड्राइव्हवर हलवण्याची सोय द्यावी. ही तिसरी.

चौथी: निघताना अँटिव्हायरसने आपली नोंद काढून पहारा विंडोजच्या हवाली करावा, आणि तो खरोखर सुरू झाला की नाही ते पडद्यावर दाखवावं. सगळ्या मागण्यांतून एकच मान्य करायची असेल तर आम्ही हीच मागू. जागा आम्ही कशीही करून घेऊ.

पाचवी मागणी आमच्यापेक्षा आमच्या गिऱ्हाइकांची आहे. सेवा केंद्राच्या यंत्रातून गावाची कागदपत्रं जातात: आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, कुणाच्या तरी सुनेच्या मृत्यूचा दाखला. यातली एखादी फाइल चुकून संशयित ठरली की तिची प्रत क्वारंटाइनमध्ये पडते, आणि लॉगमध्ये फाइलींची नावं उरतात. आम्ही तर फाइलीला गिऱ्हाइकाचंच नाव देतो. अँटिव्हायरस काढला तरी हे कुलूपबंद गाठोडं राहतं, आणि यंत्र जुन्या बाजारात विकलं तर त्याच्याबरोबर जातं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्व असं की कामापुरती घेतलेली माहिती काम संपल्यावर पुसावी. ती जबाबदारी आमच्यावर येते हे मान्य. पण जी फाइल आम्हाला दिसत नाही आणि पुसता येत नाही, ती आम्ही कशी पुसायची?

सहावी शासनाकडे. काढण्याचं साधन शोधताना माणूस भलत्याच पानावर जातो, तिथे फोन नंबर असतो, पलीकडचा गोड बोलून यंत्राचा ताबा मागतो. मग सायबर फसवणुकीच्या 1930 या मदतक्रमांकाला फोन करण्याची वेळ येते. 'सर्ट-इन' या केंद्राच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून आहे; तिथे क्विक हील, ई-स्कॅन, के-सेव्हन या देशी कंपन्यांच्या मदतीने बॉट काढण्याची साधनं फुकट मिळतात. त्यातली पहिली पुण्याची, दुसरी मुंबईची, हे सांगताना आम्हाला बरंच वाटतं. त्याच ठिकाणी भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अँटिव्हायरसचं अधिकृत काढणीचं साधन, मराठी सूचनांसह, एका यादीत ठेवावं. नवी इमारत नको, नवं पोर्टल तर मुळीच नको. आहे त्याच पानावर एक यादी हवी आहे.

सातवी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे. त्याने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत 13 फसव्या पद्धती सांगितल्या आहेत. सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं आणि सारखी टोचणी लावणं या दोन्ही त्यात आहेत. काढलेल्या अँटिव्हायरसची मागे राहिलेली फाइल रोज सकाळी 'तुमचा संगणक धोक्यात' म्हणून नूतनीकरण मागते, ती यांत बसते की नाही याचा निकाल प्राधिकरणाने जाहीर करावा. आणि नव्या यंत्रात न विचारता भरलेला महिन्याभराचा नमुना अँटिव्हायरस विक्रेत्याने दुकानातच काढून द्यावा, किंवा ठेवायचा तर गिऱ्हाइकाची सही घेऊन ठेवावा.

आता आमच्या अंगणातलं. एकावर एक दोन अँटिव्हायरस टाकणारे आमच्यातच आहेत. 'क्रॅक' किल्ली घालून देणारेही आहेत, आणि अडलं की सरळ फॉरमॅट मारून गिऱ्हाइकाचे फोटो घालवणारेही. रजिस्ट्री साफ करणारी फुकटची सॉफ्टवेअरं चालवून आम्ही चांगली यंत्रं बिघडवलेली आहेत. म्हणून संघटनेने ठरवलं आहे: चोरीची किल्ली कुणी घालायची नाही, काढणीसाठी कंपनीचं अधिकृत साधनच वापरायचं, आणि काढणीनंतर डिफेंडर सुरू असल्याचं गिऱ्हाइकाला दाखवूनच पैसे घ्यायचे.

या पत्राची एक प्रत प्रत्येक सभासदाच्या दुकानात दर्शनी लावली आहे. तिच्याखाली एक कोरा तक्ता आहे: अँटिव्हायरसचं नाव, काढायला लागलेला वेळ, मागे उरलेली जागा, डिफेंडर सुरू झाला की नाही. सभासद तो प्रत्येक कामानंतर भरतील. सहा महिन्यांनी भरलेले तक्ते आम्ही आपल्याकडे पाठवू. ज्याची काढणी नेटशिवाय होत नाही, असा अँटिव्हायरस त्या दिवसापासून आम्ही कुणाच्या यंत्रात घालणार नाही, कमिशन कितीही असो.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद
नामपूर, ता. बागलाण, जि. नाशिक