‘मला चढत नाही’ या वाक्याचा अर्थ



विहारातील वंदनेनंतर दोनच दिवसांनी एखाद्या वाढदिवसाच्या मेजवानीत आम्हांस एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मला चढत नाही.’ बोलणाऱ्याच्या स्वरात अभिमान असतो. शेजारी बसलेली पत्नी मात्र मान खाली घालते. पाचवे शील आपण सारेच ग्रहण करतो, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिल्या गेलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे, हेही आपण जाणतो. म्हणून आज उपदेश नको. हे वाक्य उच्चारले जात असताना यकृताच्या पेशीत काय चालते, एवढेच पाहू.

पेशीतील प्रथिने कायमची नसतात. काही थोड्या वेळात, काही अनेक दिवसांनी जीर्ण होतात, मोडतात, वाकडी होतात. ती वेळीच हटवून त्यांतील अमिनो आम्ले पुन्हा वापरात आणणे, हे पेशीचे अखंड चालणारे काम आहे. त्यासाठी दोन यंत्रणा असतात. पहिलीत निकामी प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लावली जाते आणि प्रोटिअसोम नावाचे पिंपासारखे यंत्र त्या खुणेच्या प्रथिनाचे तुकडे करते. या शोधासाठी चिखानोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीत मोठा कचरा पिशवीत बांधून लायसोसोम या आम्लयुक्त कोठारात पचविला जातो. लायसोसोमचा शोध द दुव यांना १९५५ मध्ये उंदरांच्या यकृतावर काम करतानाच लागला. कचरा बांधण्याच्या प्रक्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. तिचे मर्म उलगडणाऱ्या ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

२०२५ मध्ये बर्मिंगहॅमच्या सफाई कामगारांनी संप केला, तेव्हा रस्त्यारस्त्यांवर काळ्या पिशव्यांचे ढीग साचले. ज्या श्रमाकडे एरवी कुणाचे लक्ष जात नाही, त्याचे मोल तेव्हा साऱ्या शहराला कळले. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याच्या यकृतात असेच ढीग साचू लागतात.

शरीरात गेलेल्या मद्याचा बहुतांश भाग यकृतातच मोडला जातो आणि त्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. ते प्रथिनांना चिकटून त्यांना बिघडवते. म्हणजे कचरा वाढतो. त्याच वेळी प्रोटिअसोमची गती मंदावते, लायसोसोम कमी तयार होतात आणि त्यांची आम्लताही घटते. कचरा अधिक, सफाई कमी! मद्य दिलेल्या उंदरांच्या यकृताचा आकार वाढला, तो केवळ चरबीमुळे नव्हे, तर साठून राहिलेल्या प्रथिनांमुळेही, असे प्रयोगांत आढळले आहे. बोस्टनच्या फ्रँक मॅलरी यांनी १९११ मध्येच मद्यपींच्या यकृतपेशींत विचित्र गोळे पाहिले होते. पुढे त्या गोळ्यांत केराटिन प्रथिने सापडली, आणि त्यांवर युबिक्विटिनची खूणही. फेकण्यासाठी खूण केलेला माल, पण उचलला न गेलेला.

आता ‘चढत नाही’कडे वळू. त्याचे एक कारण म्हणजे मेंदू मद्याला सरावतो. दुसरे कारण यकृतात आहे. सीवायपी २ई१ हे मद्य मोडणारे एक विकर स्वतःही प्रोटिअसोमकडूनच नष्ट व्हावयाचे असते. परंतु मद्य त्याला चिकटून त्याचा नाश रोखते. विकर साठत जाते, मद्य झपाट्याने मोडते आणि पिणाऱ्याला वाटते, आपली ताकद वाढली. प्रत्यक्षात या विकराच्या कामातून निघणारी दाहक द्रव्ये प्रोटिअसोमलाच आणखी लुळे करतात. हेच विकर पॅरासिटामॉलच्या काही अंशाचे विषात रूपांतर करते. म्हणून नित्य मद्य घेणाऱ्याने डोकेदुखीची ती साधी गोळीही डॉक्टरांना विचारून घ्यावी.

तेव्हा ‘मला चढत नाही’ हे सामर्थ्याचे लक्षण नव्हे. ती यकृताची तक्रार आहे. यकृत दुखत नाही, म्हणून ती ऐकू येत नाही.

मात्र यकृत फार क्षमाशील अवयव आहे. सुरुवातीच्या अवस्थेत मद्य पूर्ण बंद केल्यास साठलेली चरबी काही आठवड्यांत ओसरू लागते आणि पेशीची सफाईही पुन्हा मार्गी लागते. व्रण पडून यकृत कठीण झाले, की मात्र परतीची वाट अरुंद होते. मधला काळ हाच खरा मोलाचा.

तो काळ आपल्यात बहुधा लपविण्यात जातो. प्रतिज्ञा मोडल्याची लाज वाटते, म्हणून डॉक्टरांपुढे ‘क्वचित घेतो’ असे सांगितले जाते आणि तपासणीच होत नाही. आमची विनंती इतकीच : जीपींना खरा आकडा सांगा. तेथील गोष्ट तेथेच राहते. आणि जे रोज भरपूर घेतात, त्यांनी एका दिवसात एकट्याने सोडू नये. झटके किंवा भ्रम होण्याचा धोका असतो. वैद्यकीय देखरेखीखाली सोडावे.

घरच्यांनीही दोष देण्याऐवजी सोबत दवाखान्यात जावे. शील मोडलेला माणूसही वंदनेला पुन्हा बसतो, तेव्हा ते शील पुन्हा नव्याने ग्रहण करतो. यकृतालाही तशीच संधी हवी असते, आणि ती देणे आपल्या हाती आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.