प्रार्थना मराठीत, संसार इंग्रजीत

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वांनाच झाला. परंतु दर्जा मिळालेली भाषा घरात नांदते काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाने तरी तो स्वतःस विचारला पाहिजे.

दूरदेशीचा हा धर्म या मातीत रुजला तो येथील भाषेच्या आधाराने. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. पण गोव्यात राहून त्यांनी ख्रिस्तचरित्र सांगितले ते ओवीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पुढे त्याच गोव्यात, लोकांनी स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम राज्यकर्त्यांनी १६८४ साली काढला. ती सत्ता गेली, कोंकणी राहिली. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांतून आळविले. कॅथलिकांची मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेची दारे खुली केली आणि वसईच्या चर्चमधून मराठी घुमू लागली.

आज काय दिसते? रविवारी मराठी मिस्सा ऐकून परतलेले कुटुंब उंबरठा ओलांडताच मुलांशी इंग्रजीत बोलू लागते. आजीची सामवेदी वा वाडवळी बोली नातवंडांना समजते, पण बोलता येत नाही. जे हुकुमाने साधले नाही, ते आपण हुकुमावाचून करीत आहोत.

यात केवळ पालकांस दोष देणे अन्यायाचे होईल. इंग्रजीवाचून बढती अडते, हे कारकुनी करणाऱ्या बापाने अनुभवलेले असते. शिवाय ख्रिस्ती संस्थांच्या शाळांनीच इंग्रजीची प्रतिष्ठा वाढविली. त्या शिक्षणाचे श्रेय घ्यावयाचे, तर या परिणामाची जबाबदारीही घेतली पाहिजे. शब्दाने देह धारण केला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ कल्पना आहे. येशूने गालीलच्या कोळ्यांना उपदेश केला तो त्यांच्या अरामी बोलीत, रोमन राज्यकर्त्यांच्या भाषेत नव्हे. मग भाषा हे केवळ पोटापाण्याचे साधन, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावरून काहींनी विरोध केला. त्या विरोधाला खरे उत्तर त्यांच्या मराठी ग्रंथांनीच दिले. २०२४ साली ते निवर्तले. उद्या तसाच आक्षेप पुन्हा आला आणि त्याला मराठीत उत्तर देणारा आपल्यात कोणी उरला नाही, तर तो दोष विरोधकांचा नसेल.

इंग्रजी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. परंतु घरची सायंप्रार्थना मराठीत व्हावी, आणि ती म्हणणाऱ्या मुलाला तिचा अर्थही कळावा. एवढे तरी आपल्या हाती आहे.