'र' कुणाचा?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा मुलाखत देऊन आला. बी.कॉम., फर्स्ट क्लास. व्याकरण चुकलं नाही, एकही उत्तर अडलं नाही. तरी नापास. शेरा काय, तर 'एमटीआय जास्त'. म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स. जणू आईची भाषा हा एखादा आजारच!

मित्रांनो, मग शुद्ध इंग्रजी उच्चार नेमका कुणाचा, हे विचारायला नको का?

विल्यम लाबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने 1962 साली न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत एक प्रयोग केला. (तेव्हा तो बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकत होता.) एक दुकान श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक गरिबांचं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघायचं आणि तीच वस्तू कुठे आहे म्हणून विक्रेत्यांना विचारायचं. उत्तर ठरलेलं, 'फोर्थ फ्लोअर'. त्यातला 'र' ऐकू येतो का, एवढंच त्याने टिपलं. महागड्या दुकानात 62 टक्के विक्रेत्यांनी कुठे ना कुठे 'र' उच्चारला, स्वस्त दुकानात जेमतेम 20 टक्क्यांनी. म्हणजे तिथे 'र' प्रतिष्ठेचा.

आता लंडनला चला. तिथल्या उच्चभ्रूंच्या तोंडी 'कार'चा 'का' होतो. 'र' उच्चारणारा खेडवळ ठरतो. आणि त्याच लंडनच्या पूर्व भागातला कामगार 'हाउस'ला 'आउस' म्हणाला की लोक हसतात. साहेबाने 'र' गाळला तर संस्कार, कामगाराने 'ह' गाळला तर अडाणीपणा! गाळलं तर दोघांनीही ना? आवाजाला स्वतःचा दर्जा नसतो, बोलणारा कोणत्या पायरीवर उभा आहे त्यावरून तो ठरतो. 'न' आणि 'ण' वरून ज्यांची टिंगल झाली, त्यांना ही उतरंड वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

आपल्यातलेच काही शिकलेले म्हणतात, ग्राहकाला समजेल असं बोलता आलं पाहिजे. मान्य. मग समजतं का, तेवढंच तपासा. या कंपनीचे ग्राहक तर नाशिक-नागपूरचेच आहेत. त्यांना आमच्या पोराचं इंग्रजी कळणार नाही आणि कॉन्व्हेंटचं तेवढं कळेल, हे कुणी ठरवलं?

गंमत बघा, हा मुलगा 'फोर्थ फ्लोअर'मधले दोन्ही 'र' ठणठणीत म्हणतो. न्यूयॉर्कच्या त्या महागड्या दुकानात शोभला असता, इथे नापास झाला.

त्याने कंपनीला मेल केला आहे : माझं कोणतं वाक्य आपल्याला समजलं नाही, ते कळवावं. तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

जय भीम.